१०४ रन जास्त काढले तरी टीम घरी बसली, हे गणित नक्की काय आहे?

सध्या अमेरिकेत बेसबॉलमध्ये सॅलरी कॅपवरून, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा घालावी का यावरून, पुन्हा वाद पेटलाय. लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, मारली, त्यांचं पगाराचं बिल सगळ्यांच्या डोळ्यात खुपतंय, त्यात मालक आणि खेळाडू यांच्यातल्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतच, त्यामुळे "पैसेवालेच जिंकणार, बाकीच्यांनी टाळ्या वाजवा" हे वाक्य रोज कुठे ना कुठे कानावर पडतं. आणि हे ऐकून हसावं की रडावं हे आम्हा सॅन डिएगो पाड्रेसच्या फॅन लोकांना कळत नाही. कारण आम्ही २०२३ बघितलंय.

काय झालं ते आधी सांगतो. २०२३ च्या सीझनमध्ये आमच्या टीमनं ७५२ रन काढले आणि समोरच्यांना ६४८ दिले, म्हणजे वर्षभराचा हिशोब १०४ रननी आमच्या बाजूनं. पगार वाटण्यात ३० टीममध्ये आमचा तिसरा नंबर. आणि निकाल काय, तर ८२ जिंकल्या, ८० हरल्या, प्लेऑफ नाही, ऑक्टोबरमध्ये टीव्ही लावायचा तो दुसऱ्यांच्या मॅच बघायला. त्याच वर्षी मायामीची टीम काढलेल्या रनपेक्षा ५७ रन जास्त देऊनसुद्धा प्लेऑफला गेली! क्रिकेटवाल्या मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात तुझं काहीतरी चुकतंय, असं होऊच शकत नाही. होतं. कसं होतं ते बेसबॉल अजिबात न बघणाऱ्यालाही कळेल असं सांगायचा प्रयत्न करतो, मधे मधे थोडी आगपाखड होईल ती सांभाळून घ्या.

बेसबॉल, कामापुरतं

३० टीम, अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येकीत १५. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते, म्हणजे जवळपास रोजच मॅच. एका मॅचमध्ये ९ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीमना एकदा बॅटिंग, तीन आउट झाले की पाळी संपली. बॅटर उभा राहतो ती जागा म्हणजे 'घर', तिथून तीन बेसना वळसा घालून परत घरी आला की एक रन; चेंडू थेट मैदानाबाहेर मारला तर होम रन. ९ जणांचा क्रम ठरलेला, तो गोल गोल फिरत राहतो. मॅच ड्रॉ होत नाही, बरोबरी झाली की जादा इनिंग.

१६२ मॅच संपल्या की प्रत्येक लीगमधून ६ टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात. प्रत्येक लीगचे तीन गट, त्या तीन गटांचे विजेते, आणि उरलेल्यांत ज्यांनी जास्त मॅच जिंकल्या अशा तीन टीम. या उरलेल्यांतून येणाऱ्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात.

आता एक गोष्ट क्रिकेटवाल्यांच्या पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे इथं चांगल्या आणि वाईट टीममधलं अंतर फार नसतं. २०२३ मध्ये सगळ्यात जास्त मॅच अटलांटानं जिंकल्या, १०४, आणि सगळ्यात खराब ओकलंडची टीम, ती पण ५० जिंकलीच. म्हणजे सगळ्यात भारी टीमसुद्धा तीनातली एक हरणार आणि सगळ्यात रद्दी टीमही तीन-चारातली एक जिंकणार. त्यामुळे कुठल्याही एका दिवशी काय झालं याला फारसा अर्थ नाही. बेसबॉलमध्ये जे काय खरं बाहेर येतं ते हळूहळू येतं, आणि आमचं दुखणं असं की १६२ मॅच झाल्या तरी ते पूर्ण बाहेर आलंच नाही.

एवढी अपेक्षा का होती

पाड्रेस मोठ्या लीगमध्ये १९६९ पासून आहेत आणि वर्ल्ड सिरीज एकदाही जिंकलेली नाही. १९८४ आणि १९९८ ला फायनलपर्यंत गेले, दोन्हीदा हरले. त्यात २०१७ ला शहरातली फुटबॉलची टीम, चार्जर्स, बाडबिस्तरा आवरून लॉस एंजेलिसला निघून गेली, म्हणजे गावात जीव टाकायला बेसबॉलच काय ते उरलं. लॉस एंजेलिस दोन-अडीच तासांवर, तिथले डॉजर्स दर वर्षी आमच्या डोक्यावर नाचणार, हे ठरलेलं.

मग आलं २०२२. डॉजर्सनी त्या वर्षी १११ मॅच जिंकल्या होत्या, आणि प्लेऑफमध्ये आम्ही त्यांना ३-१ नं बाहेर काढलं. चौथ्या मॅचमध्ये ३-० नं मागे होतो, सातव्या इनिंगमध्ये पाच रन निघाले, त्यातले शेवटचे दोन आमच्या क्रोनेनवर्थच्या फटक्यावर, आणि पेटको पार्कमध्ये, आमच्या मैदानात, असा काही आवाज झाला की बस. त्याच सिरीजमध्ये डॉजर्सच्या मैदानात मधेच एक हंसासारखा पक्षी येऊन बसला होता, तो लगेच आमचा लकी मॅस्कॉट झाला, गावभर त्याचे टीशर्ट. पुढं फिलाडेल्फियाकडून हरलो, पण वाटलं की आता पुढच्या वर्षी नक्की.

आणि मालक पीटर सायडलर खर्चाला मागेपुढे बघणारा नव्हता. हा माणूस डॉजर्सच्या जुन्या मालकाचा, वॉल्टर ओमालीचा नातू, हेही एक गंमतच. झेंडर बोगार्ट्सला ११ वर्षांसाठी २८ कोटी डॉलर. मॅनी मचाडोचा नवा करार, ११ वर्षं, ३५ कोटी. फर्नांडो टाटीसचा १४ वर्षांचा ३४ कोटींचा आधीच झालेला, तो ८० मॅचच्या डोपिंग बंदीतून एप्रिलमध्ये परत येणार होता. हुआन सोटो तर होताच. ही बॅटिंग ऑर्डर कागदावर वाचली तरी समोरच्याला घाम फुटावा. तिकिटं हातोहात खपली, वर्षभरात ३२ लाखांवर लोक मैदानात आले, क्लबचा तोपर्यंतचा रेकॉर्ड.

भारतात बसून बघणाऱ्यांचंही सोयीचं, इथली संध्याकाळी ६:४० ची मॅच म्हणजे तिकडे सकाळचे ७:१०, पहिला चहा हातात आणि सोटो बॅटिंगला. माझा पुण्यातला मावसभाऊ असाच लागला नादी आणि मग सहा महिने मला शिव्या देत होता.

रनवरून विजय कसे काढतात

आता मुद्द्याचं गणित, घाबरू नका, एकच आहे. कॅन्ससमध्ये बिल जेम्स नावाचा माणूस होता, एका डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी, त्या नोकरीत बसल्या बसल्या हा बेसबॉलचे आकडे चिवडायचा. त्यानं असं दाखवलं की टीमनं वर्षभरात किती रन काढले आणि किती दिले एवढं कळलं तरी ती साधारण किती मॅच जिंकली असेल हे सांगता येतं. पद्धत अशी: काढलेल्या रनचा वर्ग करा, दिलेल्या रनचा वर्ग करा, दोन्हींची बेरीज करा, आणि काढलेल्यांच्या वर्गाला त्या बेरजेनं भागा. जे उत्तर येतं तेवढ्या प्रमाणात टीम जिंकायला हवी. वर्ग आले म्हणून याला पायथागोरसचं नाव चिकटलं, त्रिकोणाचा काही संबंध नाही.

आमचे आकडे घाला. ७५२ चा वर्ग, ६४८ चा वर्ग, भागाकार येतो साधारण ०.५७४. १६२ मॅचला तो लावला की ९३. म्हणजे या टीमनं ९३ च्या आसपास जिंकायला हव्या होत्या. जिंकल्या ८२. अकरा मॅच कुठं गेल्या?

आता शेजाऱ्यांचं बघा. ॲरिझोना डायमंडबॅक्स, आमच्याच गटातले, काढलेले ७४६, दिलेले ७६१, म्हणजे १५ नं तोट्यात. फॉर्म्युला म्हणतो ७९. जिंकले ८४. मायामी मार्लिन्स, ६६६ काढले ७२३ दिले, फॉर्म्युला म्हणतो ७४, जिंकले ८४. दोघंही वाइल्ड कार्ड घेऊन प्लेऑफला. आणि ॲरिझोना तिथंच थांबले नाहीत, मिलवॉकीला हरवलं, डॉजर्सना ३-० नं धुतलं, फिलाडेल्फियाला त्यांच्या घरात जाऊन सातव्या मॅचमध्ये काढलं आणि थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, तिथं टेक्सासकडून हरले ती गोष्ट वेगळी. आम्ही सोफ्यावर.

आयपीएलमध्ये निदान पॉइंट सारखे झाले तर नेट रन रेट कामी येतो. इथं बरोबरी झाली तरी आपसातल्या मॅचचा निकाल बघतात, १०४ रन कुणी विचारत नाही.

अकरा मॅच गेल्या कुठं: एका रनवाल्या मॅच

रनची बेरीज आणि विजयांची बेरीज जुळत नाही याचं कारण साधं आहे. समजा तीन मॅच झाल्या, एक १२-२ नं जिंकलो, मग १-२ नं हरलो, मग ३-४ नं हरलो. तीन दिवसांत रन काढले १६, दिले ८, म्हणजे दुप्पट. आणि विजय एक, पराभव दोन. मोठ्या विजयात जे जास्तीचे रन निघतात ते दुसऱ्या दिवशी वापरता येत नाहीत, तिथल्या तिथं वाया.

पाड्रेसचं २०२३ म्हणजे हेच, सहा महिने. एका रननं निकाल लागलेल्या ३२ मॅच आम्ही खेळलो आणि त्यातल्या जिंकल्या ९, हरल्या २३. नऊ! बाकीच्या, म्हणजे दोन किंवा जास्त रनच्या फरकानं संपलेल्या १३० मॅचमध्ये आम्ही ७३ जिंकल्या, ५७ हरल्या, ते अगदी चांगल्या टीमसारखंच. मार्लिन्सचं बरोबर उलटं, एका रनवाल्यांत ३३ जिंकल्या आणि १४ हरल्या, बाकीच्यांत ५१ आणि ६४.

आता समजा आम्ही त्या ३२ पैकी निम्म्या जिंकलो असतो, फार नाही, सोळाच. मग रेकॉर्ड होतो ८९-७३ आणि वाइल्ड कार्ड आरामात हातात, कारण शेवटचं वाइल्ड कार्ड ८४ विजयांवर गेलं. दोन मॅच कमी पडल्या आम्हाला. सहा महिने, १६२ मॅच, आणि दोन.

एका रनवाली मॅच मुळात किती हातात असते? फार कमी. शेवटच्या इनिंगमधला एक फटका दोन फिल्डरच्या मधून गेला की जिंकलो, सरळ हातात गेला की हरलो, आणि फटका दोन्ही वेळी तेवढाच जोरात मारलेला असतो. वर्षानुवर्षांचे आकडे बघितले तर चांगल्या टीमसुद्धा अशा मॅचमध्ये निम्म्यापेक्षा थोड्याशाच जास्त जिंकतात. म्हणून आपण नाणं उडवतो असं धरून चाला. ३२ वेळा नाणं उडवलं तर छापा ९ किंवा त्याहून कमी वेळा पडायची शक्यता किती? हिशोब केला तर साधारण १०० मध्ये १. म्हणजे दुर्मिळ, पण अशक्य नाही. आणि टीम आहेत ३०, दर वर्षी प्रत्येकीचं नाणं उडतंय, तेव्हा दर तीन-चार वर्षांनी कुणा ना कुणाच्या वाट्याला असलं वर्ष येणारच. २०२३ ला आमचा नंबर लागला. हे समजलं म्हणून राग कमी होतो का? नाही होत, मला विचाराल तर उलट वाढतो, कारण वाईट खेळून हरलो असतो तर निदान शिव्या कुणाला घालायच्या हे तरी स्पष्ट असतं.

दहाव्या इनिंगचा छळ

यातला सगळ्यात वाईट भाग जादा इनिंगचा, त्याबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं.

२०२० पासून नियम असा आहे की नऊ इनिंगनंतर बरोबरी असली तर दहाव्या इनिंगपासून प्रत्येक टीमला सुरुवातीलाच दुसऱ्या बेसवर एक रनर फुकट मिळतो. मॅच लवकर संपावी म्हणून कोविडच्या वर्षी आणला, २०२३ ला कायमचा केला. आता दुसऱ्या बेसवर माणूस आयता उभा आहे, त्याला घरी आणायला होम रन लागत नाही. एक बॅटर उजवीकडे जमिनीलगत चेंडू ढकलतो, स्वतः आउट होतो पण रनर तिसऱ्यावर जातो. पुढचा लांब उंच फटका मारतो, झेल जातो, पण झेल पकडल्यावर रनर पळत घरी. दोन आउट, एक रन, काम झालं. यात हिरोगिरी काही नाही, चेंडूला बॅट लागली पाहिजे एवढंच.

आणि आमचे लोक काय करायचे? रनर दुसऱ्यावर उभा, पहिला बॅटर जोरात फिरवणार, स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न मारताच आउट. दुसरा वर उडवणार, जवळच झेल, रनर तिथंच. मग समोरचे मुद्दाम चांगल्या बॅटरला चालत पहिल्या बेसवर पाठवणार, म्हणजे त्याला मारायचा चान्सच नाही, आणि पुढच्या कच्च्या बॅटरला आउट करणार. शून्य रन. मग समोरची टीम येणार, ढकलला, उंच मारला, घरी. गुडनाइट. सीझनमधल्या जादा इनिंगच्या पहिल्या बारा मॅच आम्ही अशा सलग हरलो. बारा! सप्टेंबरचा मध्य उलटल्यावर कुठं पहिली जिंकली. शेवटी हिशोब २ विजय १२ पराभव. त्या काळात नवव्या इनिंगनंतर स्कोअर बरोबरीत असला की माझी बायको सरळ टीव्हीचा रिमोट घेऊन चॅनल बदलायची, आणि मी विरोधही करायचो नाही.

"सरळ सांगा ना, प्रेशरमध्ये यांची फाटते"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि ऐकायला बरोबरही वाटतो. नाणं वगैरे सगळं बहाणे, मोठमोठे पगार घेणाऱ्यांना मोक्याच्या वेळी खेळता येत नाही, विषय संपला.

पण मग २०२२ चं काय करायचं? तेव्हा मचाडो होता, क्रोनेनवर्थ होता, ऑगस्टपासून सोटो आणि हेडर होते, मॅनेजर, म्हणजे आपल्याकडचा कोच, तोही तोच, आणि तेव्हा आम्ही एका रनवाल्या मॅचमध्ये ३० जिंकून १७ हरलो होतो. आदल्या वर्षी काळजाचे पक्के आणि पुढच्या वर्षी तेच लोक एकदम भेदरट, हे काही पटत नाही. मोक्याच्या वेळी खेळणं हा पक्का गुण असता तर तो दर वर्षी दिसला असता, आणि आकडे तपासणाऱ्यांना बहुतेक टीममध्ये तसा तो दिसत नाही, या वर्षी एका रनवाल्या मॅचमध्ये शेर असलेली टीम पुढच्या वर्षी परत मधेच येऊन बसते.

बरं, शेवटी बॉल टाकणारा माणूस कच्चा होता म्हणावं तर तेही नाही. आघाडी राखायला नवव्या इनिंगमध्ये जो खास पिचर आणतात त्याला क्लोजर म्हणतात, आमचा क्लोजर जॉश हेडर, त्यानं ९ इनिंगमागे सव्वा रनच्या आसपास दिले वर्षभर, म्हणजे जवळपास काहीच नाही. गोम अशी की क्लोजरला आणायला आधी आघाडीवर असावं लागतं. आमच्या मॅच सातव्या-आठव्या इनिंगमध्येच बिघडायच्या, तिथं टाकणारे दुसऱ्या फळीतले पिचर, आणि मग हेडर बिचारा तिकडे बसून.

"मग एवढे पैसे ओतले त्याचं काय?"

त्या वर्षी सगळ्यात जास्त पगार वाटणाऱ्या तीन टीम म्हणजे न्यूयॉर्क मेट्स, न्यूयॉर्क यांकीज आणि आम्ही. मेट्स ७५-८७. यांकीज ८२-८०, अगदी आमच्याएवढंच. तिघंही प्लेऑफच्या बाहेर. आणि पगाराच्या यादीत तळाशी असलेल्या बाल्टिमोरनं १०१ जिंकल्या, टॅम्पानं ९९.

पैसा बिनकामाचा आहे असं मी म्हणत नाही, डॉजर्स दर वर्षी प्लेऑफला जातात ते काही पुण्याईवर नाही. पण बेसबॉलमध्ये एका स्टारचा हात पोचतो किती ते बघा. क्रिकेटमध्ये ओपनर दिवसभर खेळू शकतो, कोहली उभा राहिला तर बाकीचे नऊ जण पॅड बांधून बसले तरी चालतं. इथं सोटो एकदा मारून आला की पुढचे आठ जण होईपर्यंत त्याला बाकावर बसावंच लागतं, मॅचमध्ये चार-पाचदा पाळी येते, बस. २०२३ ला तो १६२ च्या १६२ मॅच खेळला, ३५ होम रन मारले, १३२ वेळा चार वाइड बॉल सोडून फुकट पहिल्या बेसवर गेला, अजून काय करायचं त्यानं? ब्लेक स्नेल लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला, साय यंग अवॉर्ड घेतलं, पण सुरुवातीचे पिचर पाच दिवसांतून एकदा टाकतात, त्याच्या वाट्याला १६२ पैकी ३२ मॅच आल्या. उरलेल्या १३० दुसऱ्यांच्या.

म्हणजे टीमची ताकद चार स्टारवर ठरत नाही, आठव्या-नवव्या नंबरचा बॅटर आणि तिसऱ्या-चौथ्या नंबरचा पिचर काय लायकीचे आहेत यावर बरंच ठरतं. आणि इथं मात्र आमची खरोखर बोंब होती.

"म्हणजे सगळा नशिबाचाच खेळ?"

नाही, आणि इथं मी नाणंवाल्या लोकांशीही भांडतो. अकरा विजय कमी पडले ते सगळे नशिबाच्या खात्यात टाकून मोकळं होणं हे टीम चालवणाऱ्यांना फार सोयीचं आहे.

आमची बॅटिंग ऑर्डर म्हणजे वर चार राजवाडे आणि खाली झोपडपट्टी. बॅटिंगची सरासरी, म्हणजे किती वेळा फटका मारून बेसवर पोचला, ती इथं हजारात मोजतात, .२५० ठीक, .३०० उत्तम. आमचा सुरुवातीचा कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखा, ऑस्टिन नोला, सरासरी .१४६. नुसता बॅटिंगसाठी घेतलेला मॅट कार्पेंटर, .१७६. सेंटर फिल्डचा ट्रेंट ग्रिशम, .१९८. नेल्सन क्रूझ एके काळचा मोठा खेळाडू, पण वय ४३, जुलैत त्याला सोडून द्यावं लागलं. आता आठवा ती दहावी इनिंग, समोरचे चांगल्या बॅटरला पहिल्या बेसवर पाठवून कच्च्या बॅटरची वाट बघायचे असं म्हटलं ना, ते त्यांना परवडायचं कारण मागे हे लोक उभे होते. त्यामुळे लांबलचक मॅचमध्ये बाकावरून काढायला कुणी नाही, आणि जवळच्या मॅचमध्ये नेमकी हीच माणसं खटकतात. १२-२ च्या मॅचमध्ये .१४६ वाला दिसतच नाही.

शिवाय दुखापती. आमचा एक पिचर, नाव जो मस्ग्रोव्ह, त्यानं फेब्रुवारीत व्यायाम करताना स्वतःच्याच पायावर केटलबेल पाडून घेतली, अंगठा मोडला. हे ऐकल्यावर तेव्हा हसलो होतो. ऑगस्टपासून त्याचा खांदा गेला, मग दुसरा पिचर डार्विश, त्याचं कोपर. दुसऱ्या फळीतले पिचर पहिल्या फळीत आले की त्यांची जागा तिसऱ्या फळीतले घेतात, आणि सातव्या-आठव्या इनिंगमध्ये काय होतं ते वर सांगितलंच.

माझा अंदाज विचाराल तर अकरातले सात-आठ विजय नशिबानं खाल्ले, तीन-चार आपण आपल्या हातानं घालवले. पण कमी पडले दोनच. म्हणजे फाटकं नशीब असूनसुद्धा ती टीम जरा नीट शिवली असती तर प्लेऑफ मिळत होतं. ॲरिझोनाच्या जागी आम्ही असतो.

पुढं काय झालं

नोव्हेंबर २०२३ मध्ये सायडलर वारले, गावानं खरंच हळहळ केली, कारण या छोट्या बाजारपेठेत एवढा पैसा लावणारा मालक आधी कुणी बघितला नव्हता. मॅनेजर बॉब मेल्विन करार शिल्लक असताना सॅन फ्रान्सिस्कोला गेला. डिसेंबरमध्ये सोटोला यांकीजकडे दिलं. हेडर आणि स्नेल करार संपून गेले. पगाराचं बिल चांगलंच कापलं. सगळे म्हणाले, संपलं आता.

आणि २०२४ ला त्याच पाड्रेसनी ९३ मॅच जिंकल्या. फॉर्म्युला २०२३ साठी जो आकडा सांगत होता तोच. गंमत म्हणजे २०२४ चा रनचा फरक २०२३ पेक्षा थोडा कमीच होता, ९१. कमी फरक, अकरा विजय जास्त. नाण्यानं परत सरळ पडायला सुरुवात केली, आणि खालच्या नंबरांवरही यावेळी माणसं होती, जॅक्सन मेरिल नावाचा वीस वर्षांचा पोरगा सेंटर फिल्डला आला आणि सुटलाच. प्लेऑफमध्ये डॉजर्सच्या पुढे २-१ असे होतो आणि मग शेवटच्या २४ इनिंगमध्ये एकही रन नाही, तो विषय आज नको.

मग राग काढायचा कुणावर?

तुमची टीम कुठलीही असो, सीझनच्या मध्यावर दोन आकडे बघा, रनचा फरक आणि एका रनवाल्या मॅचचा रेकॉर्ड. फरक उणे असेल आणि टीम खालीच असेल तर राग बिनधास्त काढा, टीम खरंच वाईट आहे. फरक अधिक असेल आणि फक्त जवळच्या मॅच हरत असाल तर निदान स्टार खेळाडूंना हूट करू नका. २०२३ मध्ये पेटको पार्कमध्ये मचाडोला, सोटोला बू करणारे मी ऐकलेत, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

माझा राग वरच्या ऑफिसवर, जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलरवर, खेळाडू निवडायचं काम त्याचं. त्यानं ३५ कोटी आणि २८ कोटीचे करार केले त्याबद्दल काही तक्रार नाही, ते खेळाडू चांगलेच आहेत. पण त्याच ऑफिसला वीस-पंचवीस लाख डॉलरवाला एक धड बाकावरचा बॅटर मिळू नये? मे महिन्याच्या अखेरीस मेट्सनं नको म्हणून सोडलेला गॅरी सांचेझ उचलून आणला, फुकटात म्हणावं असा, आणि त्या कॅचरनं आमच्यासाठी १९ होम रन मारले. तोपर्यंत दोन महिने .१४६ वाला खेळत होता. कॅचर फेब्रुवारीतच शोधायला हवा होता.